वाचकांचे प्रश्न : एप्रिलपासून चढत जाणारी बेरीज

प्रश्न : आमचा सूत विक्रीचा धंदा आहे. टॅलीतली बिले पॉवर बीआय या आलेख-अहवालांच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन विक्रीच्या चढत्या बेरजेचा आलेख काढला. पण रेष जानेवारीत खाली कोसळते आणि तिथून पुन्हा चढू लागते. आर्थिक वर्षाप्रमाणे ती कशी काढायची? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज देणाऱ्या टोटल-वायटीडी या फंक्शनला वर्षअखेर सांगितली नाही, तर ते ३१ डिसेंबर धरते. त्यामुळे जानेवारीत बेरीज शून्यापासून सुरू होते. बेरजेचे मेजर (विक्रीची बेरीज करणारे सूत्र) आणि तारखेचा कॉलम दिल्यावर, शेवटी अवतरणचिन्हांत ३/३१ असे लिहा. साल लिहायची गरज नाही.

पण त्याआधी तारखांचा वेगळा तक्ता हवाच. बिलांच्या तारखांवर भागवू नका. ज्या दिवशी बिल फाटले नाही तो दिवस तिथे नसतो, आणि या फंक्शनांना सलग तारखा लागतात. कॅलेंडर फंक्शनने १ एप्रिल ते ३१ मार्च अशी पूर्ण वर्षे घ्या, उदाहरणार्थ १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२६. हा तक्ता बिलांच्या तारखेशी जोडा आणि ‘मार्क ॲज डेट टेबल’ करा. जोडणी तारखेऐवजी २०२४०४०१ अशा आकड्यावर असेल आणि ही खूण करायची राहून गेली, तर महिन्याचा फिल्टर सुटत नाही. बेरीज साठण्याऐवजी प्रत्येक ठिकाणी त्या महिन्याचीच विक्री दिसते. सेटिंगमधली ‘ऑटो डेट-टाइम’ची खूणही काढा, कारण तिथले वर्ष जानेवारीतच सुरू होते.

आता तक्त्यात दोन कॉलम वाढवा. आर्थिक महिना : महिना ३ पेक्षा मोठा असेल तर त्यातून ३ वजा, नाहीतर ९ मिळवा, म्हणजे एप्रिल १, मार्च १२. आर्थिक वर्ष : एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ साठी ‘२०२४-२५’. मग महिन्याच्या नावाला ‘सॉर्ट बाय कॉलम’ने आर्थिक महिना लावा. इथे बरेच जण फसतात. नावे इंग्रजीत असली की वर्णक्रमानेही एप्रिलच पहिला येतो, पण त्याच्यामागे ऑगस्ट आणि डिसेंबर लागतात. सुरुवात बरोबर दिसली म्हणून पुढची नावे वाचायची राहू नयेत.

लाइन चार्टमध्ये आडव्या अक्षावर महिना, लेजंडमध्ये (रेषांच्या रंगसूचीत) आर्थिक वर्ष, उभ्या अक्षावर टोटल-वायटीडीचे मेजर. दर वर्षाची एक रेष मिळते. पडताळणी सोपी आहे : एप्रिलचा बिंदू एप्रिलच्या विक्रीएवढा आणि मार्चचा बिंदू त्या वर्षाच्या साध्या बेरजेएवढाच हवा. एप्रिल १२ लाख आणि मे ९ लाख असेल, तर मेवर २१ लाख दिसले पाहिजेत.

प्रश्न : चालू वर्षाची रेष पुढच्या महिन्यांत सपाट पळते. (तेच वाचक)

उत्तर : विक्री नसली तरी आधीची बेरीज कायम राहते, म्हणून. बघणाऱ्याला मात्र धंदा थंडावला असे वाटते; तेव्हा ती रेष तोडाच. सगळे फिल्टर काढून शेवटच्या बिलाची तारीख काढा आणि महिन्याची पहिली तारीख तिच्यापुढे गेली, तर मेजरने ब्लँक, म्हणजे रिकामी जागा, परत द्यावी. शून्य नको, शून्य दिले तर रेष तळाला जाते.

प्रश्न : गेल्या वर्षीपेक्षा मागे आहोत की पुढे, हे महिन्याच्या मध्येच कसे सांगायचे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आलेखावर ते बघू नका. शेवटचे बिल १४ नोव्हेंबरचे असेल, तर चालू वर्षाच्या बिंदूत नोव्हेंबरचे चौदा दिवस आणि गेल्या वर्षीच्या बिंदूत तीस दिवस असतात. तारखांच्या तक्त्यात ‘१४ नोव्हेंबरपर्यंत’ अशी हो-नाहीची खूण प्रत्येक आर्थिक वर्षाला लावा. ती शेवटच्या बिलावरून आपोआप निघावी. तुलनेच्या कार्डात (एकच आकडा दाखवणाऱ्या चौकटीत) टोटल-वायटीडी नको. वर्ष आणि ‘हो’ हे दोन फिल्टर लावून साधी बेरीज घ्या. क्रेडिट नोटा दोन्ही वर्षांत वजा झाल्यात ना, तेही तपासा.