गाडीच्या स्टिअरिंग-सस्पेन्शनमधला दोष नेमका ओळखायला कसं शिकावं?

तुम्ही लिहिलंय की इंजिनाची आणि ब्रेकची कामं हातात बसली आहेत, पण पुढून खडखड आली किंवा स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागलं की अंदाजाने एकेक पार्ट बदलत जावं लागतं. हे पद्धतशीर शिकायचं तर सुरुवात कुठून करावी, हा तुमचा प्रश्न.

माझ्या मते सुरुवात एकाच गोष्टीपासून करावी: गाडीचं वजन कोणत्या सांध्यातून चाकावर उतरतं, हे समोरची गाडी पाहून सांगता आलं पाहिजे. झिजलेला सांधा वजनाखाली दाबून बसलेला असला की हाताला घट्ट लागतो आणि तुम्ही तो ‘चांगला’ म्हणून सोडून देता. सस्पेन्शनमधले बहुतेक चुकीचे अंदाज इथेच होतात.

बॉल जॉइंटचंच बघा, म्हणजे चाकाचा आधार आणि आर्म यांना जोडणारा गोळ्याचा सांधा. डबल विशबोन रचनेत (चाक वर एक आणि खाली एक अशा दोन आर्मनी धरलेलं) स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली असेल तर वजन खालच्या बॉल जॉइंटमधून जातं. अशी गाडी चासीला जॅक लावून उचलली तर स्प्रिंग आर्मला खाली रेटत राहते, सांधा ताणलेलाच राहू शकतो आणि प्ले, म्हणजे सांध्याचा ढिलेपणा, दिसत नाही. म्हणून जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जमेल तितका जवळ लावायचा. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात) उलट असतं. तिथे स्प्रिंग स्ट्रटवर बसलेली, वजन वरच्या माउंटमधून उतरतं आणि खालचा बॉल जॉइंट फक्त चाकाला जागेवर धरतो. ती गाडी बॉडीच्या जॅक पॉइंटवर उचलून चाक मोकळं लोंबू द्यायचं. दोन्ही वेळी स्टँड लावल्याशिवाय खाली हात घालायचा नाही.

आता चाक वर-खाली धरून हलवा, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी. प्ले जाणवला तर तो बॉल जॉइंटचा की व्हील बेअरिंगचा, हा पुढचा प्रश्न. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंगवर संशय घ्या, तसाच राहिला तर बॉल जॉइंटवर. मग टायरखाली पहार घालून चाक वर उचला आणि सांध्याकडे डोळा ठेवा. काही बॉल जॉइंटना थोडा उभा प्ले चालतो, काहींना अजिबात चालत नाही. ती मर्यादा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते आणि प्ले डायल इंडिकेटरने (बारीक हालचाल मोजणारं घड्याळी मापक) मोजायचा. नुसत्या हाताच्या अंदाजावर पार्ट काढू नका.

३ आणि ९ च्या जागी धरून हलवलं की टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा, बोलतो. पण टाय रॉडसाठी मला त्याहून जमिनीवरची चाचणी जास्त भरवशाची वाटते. गाडी चाकांवर उभी, इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला. एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे भराभर हलवायचं आणि दुसऱ्याने बोटं एकेका सांध्यावर ठेवत जायचं. वजन, घर्षण आणि पॉवर स्टिअरिंगचा जोर, सगळं रस्त्यासारखंच असल्यामुळे जॅकवर गप्प बसलेला सांधा इथे बोटाखाली टकटक करतो. इनर टाय रॉड रॅकच्या (स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणारा दात्यांचा दांडा) रबरी बेलोजमध्ये, म्हणजे घड्यांच्या आवरणात, लपलेला असतो. बेलो मऊ असेल तर बाहेरून दाबून आतली हालचाल कळते. स्टिअरिंग कॉलमच्या खालचा युनिव्हर्सल जॉइंट तपासायला विसरू नका, त्याची खडखड रॅकच्या माथी मारली जाते.

आवाजाच्या बाबतीतही हाच विचार करा: हा आवाज येतो तेव्हा कोणत्या भागावर जोर पडतो? गतिरोधकावरून दोन्ही चाकं एकदम गेली तर स्टॅबिलायझर बारला, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडणाऱ्या दांड्याला, पीळ बसत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं तर बसतो. म्हणून सरळ गतिरोधकावर शांत असलेली गाडी एका बाजूच्या लहान खड्ड्यांत खडखडत असेल तर मी आधी बारच्या टोकांच्या लिंक आणि बारचे बुश (रबरी आधार) बघतो. खात्री हवी असेल तर दोन्ही बाजूंच्या लिंक तात्पुरत्या सोडून, लिंक कुठे अडकणार नाहीत अशा बांधून, मोकळ्या जागेत अगदी सावकाश फेरी मारा. गाडी वळताना जास्त कलते, तेवढं लक्षात ठेवा. पुढे जाताना ब्रेक मारला की एकदा ‘ठक’ आणि रिव्हर्समध्ये ब्रेक मारला की पुन्हा ‘ठक’, असं असेल तर लोअर आर्मचा बुश फाटला असण्याची शक्यता मोठी. उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग ‘टंग’ करून उसळत असेल तर स्ट्रटच्या वरच्या बेअरिंगकडे जा. ते अडकलं असेल तर वळणानंतर स्टिअरिंग आपणहून मधोमध येतही नाही.

बॉनेट दाबून गाडी उसळवून पाहण्यावर फार विसंबू नका. त्यात पार मेलेला शॉकॲब्सॉर्बर तेवढा सापडतो. त्यापेक्षा त्यातून तेल ओघळतंय का ते बघा आणि टायरवरून तळहात फिरवा. ट्रेडवर जागोजागी खोलगट खळगे असतील तर शॉकॲब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग तपासायचं. आडवा हात फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि परत येताना बोटांना धार लागली तर टो (वरून पाहताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलाय. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड खाल्ली असेल तर आधी कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा आत किंवा बाहेर कल) तपासा. टायर वाचायला येऊ लागला की निम्मं निदान गाडी न उचलता होतं, हे मी अगदी मनापासून सांगतो.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंटच्या मशीनवर नेण्याआधी हवेचा दाब बघा आणि पुढचे दोन टायर आपसात बदला (फिरण्याची दिशा ठरवून दिलेले टायर सोडून). ओढ दुसऱ्या बाजूला गेली किंवा नाहीशी झाली तर दोष टायरमध्ये आहे. नाही गेली तर एखादा ब्रेक घासतोय का ते बघा, मग चाकांचे कोन. ढिले सांधे तसेच ठेवून केलेली अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंतही टिकेल याची खात्री नसते.

कोनांचं शिकताना मशीनच्या हिरव्या-लाल आकड्यांत अडकू नका. कॅस्टर (बाजूने पाहताना स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे-पुढे कल) टायर फारसा खात नाही. गाडी सरळ धावणं आणि स्टिअरिंग परत फिरणं मात्र कॅस्टरमुळेच होतं. कॅम्बर बदलला की टो बदलतो, म्हणून टो शेवटी, आणि मागची चाकं जुळवता येत असतील तर ती पुढच्यांच्या आधी. ठोकलेल्या गाडीत मात्र स्टिअरिंगच्या अक्षाचा आतला कल बघायला शिका. हा कल बरोबर असून कॅम्बर चुकलेला असेल तर नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) किंवा स्ट्रट वाकल्याचा संशय घ्या. आणखी एक जागा सहसा कुणी बघत नाही. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं, ही रचना जर्मनीतले गाड्या बनवणारे लांकेनस्पर्गर यांनी घोडागाडीसाठी शोधली आणि १८१८ मध्ये रुडॉल्फ अॅकरमन यांनी इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं. सरळ रेषेत टो अचूक, तरी हळू वळणावरही टायर किंचाळतात, अशी गाडी आली तर वळणातल्या दोन्ही चाकांचे कोन मोजा. स्टिअरिंग आर्म वाकलेला सापडू शकतो.

दुरुस्तीचं काम नटबोल्टचंच आहे, ते तुम्हाला जमेल. तरी काही गोष्टी इंजिनाच्या कामात सवयीच्या नसतात. स्प्रिंग कॉम्प्रेसरने (स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार) स्प्रिंग नीट आवळून तिचा टोकांवरचा जोर सुटल्याशिवाय स्ट्रटचा मधला नट कधीही सोडू नका. दबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतका जोर असतो. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट चाक लोंबत असताना शेवटचे आवळू नका. गाडी चाकांवर आल्यावर, तिच्या नेहमीच्या उंचीवर, टॉर्क पान्याने आवळा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. कॅसल नटची खाच स्प्लिट पिनच्या भोकाशी जुळत नसेल तर नट पुढे आवळायचा, मागे सैल करायचा नाही. टाय रॉड एंड काढण्याआधी लांबी मोजा किंवा आट्यांवर खूण करा, म्हणजे गाडी अलाइनमेंटपर्यंत नीट चालत जाईल. अलाइनमेंट मात्र तरीही करावीच लागते.

रॅक किंवा कॉलम उतरवताना चाकं सरळ ठेवून स्टिअरिंग व्हील बांधून टाका. ते मोकळं गरगर फिरलं तर एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग, म्हणजे फिरत्या व्हीलपर्यंत वीजजोडणी नेणारी गुंडाळलेली पट्टी, तुटते. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत स्टिअरिंग जड झाल्याची तक्रार आली तर रॅकला हात लावण्याआधी बॅटरीचा व्होल्टेज आणि फॉल्ट कोड बघा. अलाइनमेंटनंतर अनेक गाड्यांत स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य स्कॅनरने पुन्हा ठरवावा लागतो. तो राहिला तर गाडी सरळ धावत असूनही स्टॅबिलिटी कंट्रोलचा दिवा पेटतो आणि ग्राहक दुसऱ्या दिवशी परत येतो.