बोट कुजते ती गोड्या पाण्याने

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

४० फुटी सागवानी बोट घेतलीस आणि तिला आता बाहेरून फायबर, म्हणजे काचतंतू आणि रेझिनचा थर, मारायचं मनात आहे, हे कळलं. फायबर तूर्त बाजूला ठेव. खाऱ्या पाण्यात लाकडाला भीती पोखरणाऱ्या किड्याची. कूज धरते ती गोड्या पाण्याने. डेकच्या फटीतून पावसाचं पाणी उतरतं, बर्फ वितळून खणाखाली साचतं, आणि वारा नाही तिथे बुरशी बसते.

म्हणून डेकखाली, नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) आतल्या अंगाला, बर्फाच्या खणाच्या तळाशी आणि इंजिनच्या बैठकीखाली आधी शीर. हातोडीने हलकं ठोकत जा. खणखणीत वाजलं तर लाकूड जिवंत. बद्द वाजलं तिथे टोच्या लाव. तो लोण्यात शिरल्यासारखा गेला आणि टोकाला ओला भुसा आला, तर फळी बदलायचीच. खिळ्याभोवती काळं कडं दिसलं तर लोखंड गंजून फुगलंय. तो खिळा काही धरत नाही.

मासेमारीबंदीचे ६१ दिवस, १ जून ते ३१ जुलै, दुरुस्तीला मिळतात असं सगळे म्हणतात. पण कोकणात ते भर पावसाचे. मे महिन्याच्या उधाणालाच बोट वर घे. ताडपत्रीची दोन्ही टोकं उघडी ठेव, वारा खेळू दे. थेट ऊन मात्र नको, फळ्या चिरतात.

पठाणाखाली, म्हणजे बोटीच्या तळकण्याखाली, दर तीन-चार फुटांवर ठोकळे हवेत. पुढून मागे दोरी ताणून पठाणाला मध्ये पोक आलंय का ते फळी काढण्याआधीच बघ, कारण नंतर आकार कुठे बिघडला ते कळत नाही. शेजारच्या दोन फळ्या एकदम काढू नकोस. नव्या फळीचा सांधा शेजारणीच्या सांध्यापासून किमान तीन वांक (बोटीच्या आतल्या फासळ्या) लांब पडू दे. खिळे तांब्याचे किंवा जस्ताचा जाड मुलामा दिलेले लोखंडी; दोन्ही एकत्र वापरलेस तर खाऱ्या ओलाव्यात जस्त आणि लोखंड आधी झिजेल.

सांध्याची फट बाहेरून दोन-तीन मिलिमीटर, आतून बंद. त्या फटीत कापूस फळीच्या साधारण अर्ध्या जाडीपर्यंत बसव. सुक्या बोटीत तो दाबून ठासलास तर फळ्या पाण्याने फुगल्यावर खिळे उपटतात, कधी वांकही तडकतो. वरून राळ-तेलाची मऊ लुकणच (फट बुजवायचा लगदा) भर. इपॉक्सीची कडक लुकण फटीत नको. फुगणाऱ्या फळीला जागा मिळत नाही आणि तिच्या कडा चिरडतात.

आता फायबर का नको ते सांगतो. साग तेलकट, त्यात ओला. साधं पॉलिएस्टर रेझिन त्याला धड चिकटत नाही. लाकूड फुगतं-आकसतं, फायबर नाही. थर सुटला की डेकवरून उतरलेलं गोडं पाणी दोघांच्या मध्ये अडकतं. बाहेरून बोट नवीकोरी, आत नुसता भुसा. ओलावा १५ टक्क्यांच्या खाली आणता येत नसेल तर तो पैसा फळ्यांवर घाल.

मोठ्या इंजिनचा मोहही आवर. पाण्यातली लांबी ३६ फूट धर. तिचं वर्गमूळ ६, गुणिले १.३४, म्हणजे वेगाची मर्यादा सुमारे ८ नॉट (ताशी सागरी मैल). त्यापुढे अशी जड बोट पळत नाही, फक्त डिझेल पिते. बर्फाचा खण वाढवायचा तर भार खाली राहू दे, आणि वितळलेल्या पाण्याला तळातून निघायला वाट ठेव. खणाचा थंडावा टिकवणारा फोम लाकडाला चिकटवू नकोस, मध्ये हवेची फट सोड.

केबिन किंवा विंच (दोर ओढायचं यंत्र) चढवण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा बोट डोलवून बघ. शांत खाडीत दोर सैल सोड, दोघांनी कडेला एका लयीत भार द्यायचा आणि मग थांबायचं. पाच पूर्ण हेलकाव्यांचे सेकंद मोजून पाचाने भाग. उत्तर बोटीच्या मीटरमधल्या रुंदीपेक्षा कमी यायला हवं. साडेतीन मीटर रुंदीला पाच हेलकावे साडेसतरा सेकंदांच्या आत. संथ, झोप आणणारं डोलणं खलाशांना आवडतं, पण वर भार जास्त झाल्याची तीच खूण.

बोट उतरवल्यावर पहिले दोन-तीन दिवस ती गळणारच. रात्री कुणीतरी वर झोपायला हवं, आणि बॅटरीच्या पंपाबरोबर हातपंपही. तिसऱ्या दिवसानंतरही पाणी कमी झालं नाही तर ओहोटीला तिला मऊ वाळूवर टेकव, आतलं पाणी तसंच राहू दे. ते बाहेर झिरपेल तिथे खडूने खूण कर.

कळावे.