अल्ट्रासॉनिक डिटेक्टर (माणसाला ऐकू न येणाऱ्या उंच आवाजांची नोंद करणारं यंत्र) वर्षभर लावून ठेवला तर परिसरात किती वटवाघळं आहेत हे कळेल का?

संख्या नाही कळणार. एकच वटवाघूळ दहा वेळा माइकसमोरून गेलं तरी दहा नोंदी होतात. तो आकडा वावराचा, डोक्यांचा नव्हे. ऋतूंची तुलना मात्र छान होते, फक्त जागा, उंची आणि सेटिंग मध्येच बदलू नका. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, काही वटवाघळांच्या हाका १०० च्याही वर जातात. म्हणून सॅम्पलिंग रेट, म्हणजे यंत्र सेकंदाला किती वेळा आवाज मोजतं तो दर, हाकेच्या दुपटीहून जास्त हवा; किमान २५६ किलोहर्ट्झ ठेवा.

खरी डोकेदुखी माइकची. पावसात, दमट हवेत त्याची संवेदनशीलता हळूहळू घटते आणि आपल्याला वाटतं वटवाघळंच कमी झाली! अधूनमधून तपासत राहा. आणि हो, मोठी फळखाऊ वटवाघळं प्रतिध्वनीवर नाही, डोळ्यांवर आणि वासावर विसंबतात. ती यात सापडणार नाहीत.