वाचकांचे प्रश्न : वेड्यावाकड्या फाइलमधले आकडे

प्रश्न : एका मोजमाप यंत्रातून दर दहा मिनिटांची नोंद साध्या टेक्स्ट फाइलमध्ये साठते. प्रत्येक ओळीत वेळ, तापमान, हवेचा दाब आणि सेन्सरचे मिलिव्होल्टमधील व्होल्टेज असे चार रकाने असतात. मात्र सुरुवातीच्या माहितीच्या ओळी कधी सहा असतात, तर कधी अकरा, आणि मध्येच काही ओळी बिघडलेल्या असतात. मी पायथनमध्ये प्रत्येक ओळ स्प्लिटने तोडतो, फ्लोटने आकडा करतो, चूक आली की ती ओळ सोडून देतो आणि प्रत्येक रकान्याची सरासरी वेगवेगळी काढतो. स्क्रिप्ट विनातक्रार चालते, परंतु तापमानाची सरासरी २७ च्या आसपास अपेक्षित असताना ७६.५ येते. चूक कोठे असावी?

उत्तर : आपण पाठवलेल्या नमुन्यातील तीन ओळी येथे देतो, कारण सगळे उत्तर त्यांतच आहे.

०६:१०    २७.४  १००९.२  -०.३५
०६:२०    २७.५  १००९.१-११२.४०
०६:३०          १००९.१  -०.४१

तिसऱ्या ओळीत तापमानाची जागा रिकामी आहे. डोळ्यांना ते लगेच दिसते, कारण आपण जागा पाहतो. स्प्लिट मात्र कितीही मोकळ्या जागा एकच समजून फक्त तुकडे मोजते. त्यामुळे या ओळीचे चारऐवजी तीन तुकडे होतात आणि दाबाचा १००९.१ हा आकडा एक घर डावीकडे सरकून तापमान म्हणून नोंदला जातो. दर शंभर ओळींत अशा पाच ओळी असल्या तरी २७.४ ची सरासरी ७६.५ होते, आपल्या स्क्रिप्टने दिलेला आकडा नेमका तेवढाच आहे.

दुसरी ओळ मला अधिक चिंताजनक वाटते, कारण तिच्यामुळे होणारी चूक सरासरीकडे पाहून कळणार नाही. व्होल्टेजचा रकाना सात अक्षरांचा आहे. उणे ११२.४० हा आकडा तो पूर्ण भरतो, मध्ये मोकळी जागा उरत नाही आणि तो दाबाला चिकटतो. फ्लोटला हा जोडआकडा कळत नाही, चूक येते आणि आपली स्क्रिप्ट ती गिळून पुढे जाते. म्हणजे वगळल्या जाणाऱ्या ओळी योगायोगाने ठरत नाहीत. ज्या ओळींत व्होल्टेज उणे शंभर किंवा त्याहून खाली गेले, नेमक्या त्याच जातात. सेन्सरने दाखवलेल्या सर्वांत मोठ्या घसरणी विश्लेषणातून नाहीशा होतात आणि उरलेली सरासरी अगदी विश्वासार्ह दिसते. चुकीची ओळ मुकाट्याने सोडून देणे हा माझ्या मते अशा कामातील सर्वांत महाग आळस आहे.

ही फाइल वरवर विस्कळीत दिसली, तरी ती ठरलेल्या रुंदीच्या रकान्यांची आहे. फोरट्रान या जुन्या संगणकभाषेतील प्रोग्रामांची ही नेहमीची लिहिण्याची रीत असून प्रथिनांच्या रचनांच्या पीडीबी फाइलींत अणूंचे सहनिर्देशांक आजही असेच, आठ-आठ अक्षरांच्या रकान्यांत असतात. अशी ओळ तुकडे करून नव्हे, तर जागेनुसार कापायची असते. आपल्या फाइलीत तापमान सहाव्या ते तेराव्या अक्षरात आहे. पायथन शून्यापासून मोजते आणि शेवटची जागा धरत नाही, म्हणून तेथे ५ ते १३ असा काप घ्यावा. दाबासाठी १३ ते २१ आणि व्होल्टेजसाठी २१ ते २८ हे काप येतील. पांडाज या पायथनच्या लायब्ररीतील रीड एफडब्ल्यूएफ हे फंक्शन हेच काम करते. मात्र रुंदी सांगितली नाही, तर ते पहिल्या शंभर ओळींवरून अंदाज बांधते, आणि त्या शंभरांत मोठा आकडा नसेल तर तो अंदाज चुकू शकतो. रुंदी स्वतःच द्यावी.

कापलेला प्रत्येक तुकडा आकड्यात बदलण्याचे काम एकाच छोट्या फंक्शनकडे सोपवावे. तुकडा रिकामा असेल, तर त्याने नॅन, म्हणजे ‘आकडा नाही’ असे सांगणारे मूल्य, द्यावे, शून्य कधीही देऊ नये. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत उणे ९९९ सारखा आकडा ‘नोंद नाही’ या अर्थाने दिला असेल, तर त्याचेही नॅन करावे. रकान्यात मावेनासा आकडा फोरट्रान तारकांनी भरतो. तेथे आकडा होता, पण तो हरवला, हे वेगळे नोंदवावे. काही फाइलींत घातांकासाठी ई ऐवजी डी हे अक्षर येते आणि ते फ्लोटला चालत नाही; वर्ड प्रोसेसरमधून आलेल्या मजकुरात उणे चिन्ह कीबोर्डवरील साध्या रेघेऐवजी गणिताचे वेगळे चिन्ह असते, तेही चालत नाही. दोन्ही आधी बदलून घ्यावीत. आपल्या वाचकांना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट जाता जाता सांगतो : पायथनचे फ्लोट देवनागरी अंक जसेच्या तसे वाचते, त्यांचे वेगळे रूपांतर करावे लागत नाही. नॅन आल्यावर नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीची साधी सरासरीही नॅनच येईल; तेथे नॅन वगळून सरासरी काढणारे नॅनमीन वापरावे.

सुरुवातीच्या ओळी मोजून वगळू नयेत. ज्या ओळीची पहिली पाच अक्षरे दोन अंक, अपूर्णविराम आणि दोन अंक अशी आहेत, ती नोंदीची ओळ, एवढी खूण रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे अक्षरांचा साचा जुळवून पाहणाऱ्या सूत्राने, तपासणे पुरेसे आहे. ओळीतील सगळे आकडे रेग्युलर एक्स्प्रेशननेच वेचण्याचा मोह मात्र टाळावा, कारण रिकामी जागा त्यालाही दिसत नाही. शिवाय २०२३-०४-१२ अशी तारीख आली, तर त्याला २०२३, उणे ४ आणि उणे १२ असे तीन आकडे सापडतात.

शेवटी हिशेब ठेवावा. न समजलेली प्रत्येक ओळ तिच्या क्रमांकासह वेगळ्या फाइलीत लिहावी आणि नोंदीच्या, माहितीच्या, रिकाम्या व नाकारलेल्या ओळींची बेरीज फाइलीतील एकूण ओळींइतकी भरते का, ते स्क्रिप्टनेच तपासावे. भरत नसेल, तर तिने उत्तर न देता थांबावे. नाकारलेल्या ओळी आधी स्वतः वाचाव्यात. माझा अनुभव असा आहे की पहिल्या दहा-बारा ओळींतच नवा नियम सापडतो.

प्रश्न : एवढ्यासाठी पायथन कशाला? मी ऑक या मजकूर हाताळणाऱ्या छोट्या संगणकभाषेच्या एका ओळीत तिसऱ्या रकान्याची बेरीज करतो आणि कधी चूक आलेली नाही.

उत्तर : ऑक मलाही प्रिय आहे, पण त्यात चूक येत नाही याचे कारण वेगळे आहे. आकडा नसलेला मजकूर बेरजेत आला, तर ऑक तो शून्य मानते. ‘१२सेमी’ चे बारा करते आणि ‘१,२५०’ चा एक. म्हणून बेरजेआधी रकान्यांची संख्या ठरलेली आहे का आणि तिसरा रकाना पूर्णपणे आकड्याच्या साच्यात बसतो का, अशा दोन अटी घालाव्यात आणि न बसलेल्या ओळी क्रमांकासह छापून घ्याव्यात.