मुलाच्या काचबिंदूसाठी नळी कोणती बसवावी?

तीन वर्षांच्या मुलीच्या दोन शस्त्रक्रिया होऊनही डोळ्याचा दाब उतरत नाही, तेव्हा डोळ्यातले पाणी बाहेर काढून दाब उतरवणारी नळी परदेशी, झडपेची घ्यावी की मदुराईची स्वस्तातली, असे आपण विचारले आहे. ‘स्वस्तातली’ हा शब्द मी गेली पाच वर्षे माझ्या साडूंकडून ऐकत आलो आहे, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही ऐरोलीला राहतो. मुलाला जन्मजात काचबिंदू. दोन शस्त्रक्रियांनंतरही उजव्या डोळ्याचा दाब तिसाच्या खाली येईना. डॉक्टरांनी मदुराईच्या अरोलॅबची नळी सुचवली, तेव्हा साडूंनी घोडबंदरहून फोन करून, डोळ्याच्या बाबतीत काटकसर नको, अहमदचीच, म्हणजे परदेशी झडपेची, नळी घाला, असे बजावले. काटकसरीचा प्रश्नच नव्हता. नळीतून आलेले पाणी डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला बसवलेल्या प्लेटवर मुरते. अहमदच्या मोठ्या आकाराच्या प्लेटचे क्षेत्रफळ 184 चौरस मिलिमीटर असते, अरोलॅबच्या प्लेटचे 350, आणि मोठ्या प्लेटवर पाणी मुरायला जागा जास्त मिळते. मात्र अरोलॅबच्या नळीला झडप नसल्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी नळी विरघळणाऱ्या दोऱ्याने बांधतात, प्लेटभोवती आवरण धरेपर्यंत साधारण पाच-सहा आठवडे पाणी अडवून ठेवतात आणि तोवर दाबाचे थेंब चालू ठेवावे लागतात.

आमचा दोरा एकोणचाळिसाव्या दिवशी सुटला. सकाळी मुलगा उठला तो उजव्या डोळ्यावर तळहात दाबूनच, आणि दुधाचा पेला पुढे केला तर त्याचा हात पेल्याच्या शेजारी टेबलावर पडला. रुग्णालयात सांगितले की दाब एकदम उतरून डोळा मऊ पडला आहे. अ‍ॅट्रोपीन आणि स्टिरॉइडच्या थेंबांवर बारा दिवसांत तो सावरला. त्या बारा दिवसांत साडू घरी आले आणि मुलासमोर ‘मी सांगितलेच होते’ म्हणाले. सहाव्या आठवड्यात असे होऊ शकते, ही सूचना डॉक्टरांनी घरी सोडतानाच कागदावर लाल शाईने लिहून दिली होती. तो कागद मी पुढे केला, तेव्हा त्यांचा चष्मा गाडीत राहिला होता.

आज दाब 14 आहे, एका थेंबावर.

तरीही आपण हीच नळी बसवा, असे मी म्हणणार नाही. दाब फार चढलेला असेल आणि कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, धुरकट होत असेल, तर सहा आठवडे थांबण्याइतकी सवड नसते. तिथे पहिल्या दिवसापासून पाणी वाहू देणारी झडपच बरी, जरी तिच्यातही पहिल्या काही महिन्यांत दाब पुन्हा उसळू शकतो. नळी कोणतीही असो, वाढत्या डोळ्यात ती सरकते, तिचे टोक कॉर्नियाला टेकू शकते, वरचे आवरण झिजून ती उघडी पडली तर जंतुसंसर्ग होतो. त्यामुळे भूल देऊन होणारी तपासणी चुकवू नये आणि डोळा लाल झाला किंवा चिपडे येऊ लागली तर त्याच दिवशी दाखवावे. डॉक्टरांना किमतीच्या आधी एवढेच विचारावे, की दोरा सुटण्याच्या आठवड्यात रात्री फोन केला तर तो कोण उचलेल.