वाचकांचे प्रश्न, वकिलांची उत्तरे : खुनाच्या तपासातील चौकशी आणि झडती

प्रश्न : आमच्या शिवारात महिनाभरापूर्वी एकाचा खून झाला. मयताशी आमचा बांधावरून जुना वाद होता. त्यामुळे माझ्या धाकट्या भावाला पोलीस वरचेवर फोन करून ठाण्यात बोलावतात, सायंकाळपर्यंत बसवून ठेवतात आणि घरी पाठवतात. कागद एकही दिलेला नाही. त्याने जावेच का, आणि गेल्यावर प्रत्येक प्रश्नाचे उत्तर द्यावेच का?
(एक वाचक, चोपडा तालुका)

उत्तर : गुन्ह्याची माहिती असणाऱ्या व्यक्तीला बोलावण्याचा अधिकार तपासी अंमलदाराला आहे, परंतु भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार तो लेखी आदेशाने वापरायचा असतो. फोनवरच्या बोलावण्यामागे त्या कलमाचे बळ नसते. तरीही भावाने तोंड चुकवू नये असाच माझा सल्ला आहे, कारण खुनाच्या गुन्ह्यात पोलिसांना वॉरंटाशिवाय अटक करता येते आणि गावातून नाहीसा झालेला माणूस संशयात आपणहून भर घालतो. त्याने लेखी नोटीस मिळावी असा साधा अर्ज द्यावा, त्याच्या प्रतीवर पोहोच घ्यावी आणि ठरल्या वेळी हजर व्हावे. घरातील स्त्रियांना आणि साठीच्या पुढच्या वडिलांना मात्र ठाण्यात नेता येत नाही. त्यांची विचारपूस ते राहतात तेथेच व्हायला हवी.

उत्तरे देण्याविषयी कायदा दोन गोष्टी एकदम सांगतो. विचारलेल्याचे खरे उत्तर द्यावे, हे बंधन आहे. मात्र ज्या उत्तराने स्वतःवरच गुन्ह्याचा आरोप येण्याचा संभव आहे, ते देण्याची सक्ती नाही. या सवलतीचे मूळ संविधानाच्या अनुच्छेद २०(३) मध्ये आहे. नंदिनी सत्पथी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये स्पष्ट केले की हे संरक्षण न्यायालयातील पिंजऱ्यात उभे राहिल्यावरच सुरू होत नाही, तर पोलिसांच्या चौकशीतही ते लागू असते आणि ज्याच्यावर संशय आहे त्यालाही मिळते. इंग्रजी मालिकांत पोलीस ‘तुला गप्प राहण्याचा अधिकार आहे’ असे म्हणून दाखवतात तो अमेरिकेतील १९६६ च्या मिरांडा निकालाचा परिणाम आहे. आपल्याकडे ठाण्यात तसे वाक्य ऐकू येईल अशी वाट पाहू नये. हक्क आपला आपण माहीत करून घ्यावा.

जबाबावर सही मागितली तर करू नये. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सांगणाऱ्याची सही घेऊ नये, असे कलम १८१ मध्येच आहे, आणि कोऱ्या कागदावरच्या सहीचा तर प्रश्नच येत नाही. दिवसभर ‘बसवून ठेवणे’ याला कायद्यात वेगळे नाव नाही. माणसाला उठून जाण्याची मोकळीक राहिली नाही की ती अटकच होय, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्यासाठी अनुच्छेद २२ ने घातलेली चोवीस तासांची मुदत तेव्हापासून मोजायची, कागदावर अटक दाखवली त्या क्षणापासून नव्हे. एखाद्या रात्री भाऊ परतलाच नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करावी, ठाण्यातील सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवण्याची मागणी तिच्यातच घालावी (सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश दिलेला आहे), आणि गरज पडल्यास उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे अडकवून ठेवलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशी मागणी करणारी, याचिका करावी.

प्रश्न : शेजारच्या गावातील खुनाच्या प्रकरणात मला पंच म्हणून नेण्यात आले. आरोपीने केळीच्या बागेतून कुऱ्हाड काढून दिली व मी कागदांवर सही केली. आता लोक म्हणतात, कोर्टात ओढतील. माझ्या सहीला एवढे महत्त्व का? आणि पंच होण्यास नकार देता येतो का?
(एक केळी उत्पादक, रावेर तालुका)

उत्तर : लेखी आदेश मिळाल्यावर सबळ कारणाशिवाय नकार देणे हा गुन्हा ठरतो. कोर्टात जावे लागेल ते न्यायालयाने खास समन्स काढले तरच. खुनाच्या खटल्यात ते बहुधा निघतेच.

आपल्या सहीला महत्त्व असण्याचे कारण असे की पोलिसांजवळ दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये याला एकच वाट ठेवली आहे, आणि ती आपल्या सहीखालून जाते. कोठडीतील आरोपी म्हणाला, ‘मी त्याला कुऱ्हाडीने मारले आणि कुऱ्हाड बागेतल्या वाळल्या पानांखाली लपवली आहे, चला दाखवतो’, तर पहिला अर्धा भाग न्यायाधीशांनी डोळ्याआड करायचा असतो. कुऱ्हाड कोठे लपवली हे सांगणारा भाग मात्र ती प्रत्यक्ष सापडल्यास ग्राह्य धरला जातो. हा भेद प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश अमलातील सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, १९४६ मध्ये पुलुकुरी कोटय्या प्रकरणात केला आणि आजही न्यायालये तोच गिरवतात.

म्हणून बचावाचे वकील आपल्याला बारीक विचारतील. आरोपी बोलला तेव्हा आपण ठाण्यात समोर होता की थेट बागेत पोहोचलात? पुढे कोण चालत होते, आरोपी की हवालदार? कुऱ्हाड पानांखाली होती की बांधावरून जाणाऱ्या कोणालाही दिसेल अशी पडली होती? ती कागदात गुंडाळून लाखेचे सील तेथेच केले का, आणि त्यावरच्या चिठ्ठीवर सही आपण तिथेच केली की दुसऱ्या दिवशी ठाण्यात? जे पाहिले तेवढेच सांगावे. पंच फितूर झाला म्हणून सुटलेले खटले आपण ऐकतो, पण न पाहिलेल्या पंचनाम्यावर सही करणारा पंच निरपराध माणसाला फासापर्यंत नेऊ शकतो, याची चर्चा आपल्या गावांत फारच कमी होते.

घराच्या झडतीलाही पंच लागतात. वॉरंट नसेल तर झडती कशासाठी आणि वॉरंट आणण्याइतका वेळ का नाही, याची कारणे अधिकाऱ्याने आधी लिहून ठेवायची असतात. परिसरातील दोन निःपक्ष व्यक्ती, घरमालकाची उपस्थिती, जप्त वस्तूंची यादी व तिची प्रत हे सारे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ मध्ये आहे. (खुनाच्या शिक्षेचे कलमही १०३ च, पण ते भारतीय न्याय संहितेतले, गल्लत होऊ देऊ नये.) १ जुलै २०२४ पासून झडतीचे दृकश्राव्य चित्रण सक्तीचे झाले आहे. झडती सदोष झाली एवढ्यावरून सापडलेली वस्तू पुराव्यातून आपोआप बाद होत नाही. तिच्यावर विश्वास किती ठेवायचा, एवढाच प्रश्न उरतो.

प्रश्न : आमच्या पाड्यावरील एकाला खुनाच्या संशयावरून अटक झाली. त्याला पावरी येते, मराठी जेमतेम कळते. त्याला मराठीत छापलेला कागद देऊन अंगठा घेतला. हे चालते का?
(एक शिक्षक, शिरपूर तालुका)

उत्तर : चालू नये. अटकेची कारणे लेखी, आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सांगितले. प्रसंगामुळे लगेच लेखी देणे शक्य नसेल तर तोंडी सांगावे, पण रिमांडसाठी, म्हणजे कोठडीचा आदेश मागण्यासाठी, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद हाती पडला पाहिजे, नाहीतर अटक बेकायदा ठरू शकते. कारणे पावरीत समजावली गेली नाहीत, ही गोष्ट पहिल्याच रिमांडच्या वेळी वकिलामार्फत नोंदवावी. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य मिळतो, आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येते. तो पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही.

प्रश्न : संशयिताची नार्को चाचणी पोलीस परस्पर करू शकतात का?
(एक विद्यार्थिनी, अमळनेर)

उत्तर : नाही. सेल्वी प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निकालानुसार नार्को (औषधाच्या गुंगीत बोलते करणे), पॉलिग्राफ (खोटे पकडण्याचे यंत्र) आणि ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या प्रतिसादांची नोंद) यांपैकी कोणतीही चाचणी त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय करता येत नाही. बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने यांना हा नियम लागू नाही, कारण तेथे माणूस आपल्या माहितीतून काही सांगत नसतो, असे अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने काठी कालू प्रकरणात १९६१ मध्येच ठरवले आहे. संमतीने चाचणी झाली तरी तिच्यातील बोलणे पुरावा होत नाही. त्यातून एखादी वस्तू सापडली, तर वर रावेरच्या वाचकांना सांगितलेल्या कलम २३ च्या मर्यादेतच तिचा विचार होतो.