आमच्या वाड्यात आधी कोण राहायचं?

प्रश्न : नमस्कार. जुन्या नाशकात भद्रकालीजवळ आमचा वाडा आहे, दिवाळीनंतर तो पाडून अपार्टमेंट होणार. आजी नेहमी सांगायची की हा पेशव्यांच्या एका सरदाराचा वाडा. दरवाजाच्या गणेशपट्टीवर ‘शके १८०५’ कोरलंय. माझ्याकडे फक्त आजोबांचं खरेदीखत आहे. त्याआधी इथे कोण राहायचं ते कसं शोधू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पत्र वाचलं आणि खरंच जीव हळहळला, पण दिवाळीपर्यंत वेळ आहे तर बरंच काही होईल.

आधी ती गणेशपट्टी बघू. शके सालात ७८ मिळवले की इसवी सन येतं (जानेवारी ते गुढीपाडवा असेल तर ७९), म्हणजे तुमचा दरवाजा १८८३-८४ चा. पेशवाई संपली १८१८ ला, त्यामुळे निदान हा दरवाजा तरी कुठल्या पेशवाई सरदाराने बसवलेला नाही. जागेवर त्याआधीचा वाडा असू शकतो, जोत्याचे दगड आणि वरची विटांची भिंत वेगवेगळ्या काळातली वाटतात का ते एखाद्या जुन्या गवंड्याला दाखवा. पेशवेकाळातलं काम कसं असतं ते डोळ्यात बसवायला सराफ बाजारातला सरकारवाडा बघून या. तो तर पेशव्यांचाच, नंतर इंग्रजांकडे गेला, मग तिथे सार्वजनिक वाचनालयही होतं, आणि पोलीस ठाण्याला नाव अजून त्याचंच आहे! एका वास्तूत किती जण येऊन जातात बघा.

कागदांचं म्हणाल तर नगर भूमापन ऑफिसात सिटी सर्व्हे नंबर देऊन मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढाच, पण तेवढ्यावर थांबू नका, चौकशी नोंदवहीचा उतारा पण मागा, कारण सर्व्हेच्या वेळी जागा कोणाकडे होती आणि कशाच्या आधारावर ते त्यात लिहिलेलं असतं. तुमच्या खरेदीखतात विकणाऱ्याचं नाव आहे, ते धरून दुय्यम निबंधकांकडे मागची खतं शोधत जायचं. नाशिकची नगरपालिका १८६४ ची, त्यामुळे घरपट्टीची जुनी रजिस्टरं शाबूत असतील तर तीही विचारा. काही कागद मोडी लिपीतले असतील, घाबरू नका, नाशकात मोडी वाचणारे आहेत.

पण खरं सांगू का, या सगळ्या कागदांत बहुतेक मालकच सापडतात, भाडेकरू क्वचित. आणि आपल्या वाड्यांत राहिले कोण तर बहुतेक भाडेकरूच! माझं बालपण अशाच एका वाड्यात गेलं, चौकात एक नळ, सकाळी त्याच्यापुढे सात बिऱ्हाडांच्या कळश्यांची रांग, आणि खालच्या खोलीत एक तांबटकाका दिवसभर घागरी ठोकायचे, त्यांच्या ऐरणीखालची फरशी खोलगट झाली होती. मिळकत पत्रिकेत त्यांचं नाव कुठेच नव्हतं, ती फरशी हाच त्यांचा उतारा, आणि वाडा पडला तेव्हा ती पण गेली.

म्हणून ऑफिसात जायच्या आधी, या रविवारीच, जिन्याखालच्या लाइटच्या मीटरांच्या फळीचा फोटो काढा, तिथे रंगाने किंवा खडूने लिहिलेली आडनावं असतात. ती आडनावं घेऊन गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींकडे जाऊन बसा आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. आणि गणेशपट्टी भंगारात जाऊ देऊ नका, बिल्डरकडून आत्ताच लेखी घ्या.